कुलूप ते काडतूस : खेड्यातलं घर, रात्र आणि परवान्याची बंदूक

बंदूक घ्यायची की नाही हे नंतर ठरवा. आधी मोबाइलमधलं स्टॉपवॉच लावून दोन आकडे काढा. पहिला आकडा : फाटकापाशी कुत्रं भुंकल्यापासून अनोळखी माणूस तुमच्या झोपायच्या खोलीच्या दारात यायला किती सेकंद लागतात? मुलाला किंवा शेजाऱ्याला चालत, पळत, सांदवाडीकडून, सपरीवरून असं चार वाटांनी यायला सांगा आणि मोजा. दुसरा आकडा : दिवे बंद असताना अंथरुणातून उठून, चावी शोधून, कपाट उघडून, बंदूक जोडून, दोन काडतुसं भरून भिंतीला पाठ लावून उभं राहायला तुम्हाला किती वेळ लागतो? नवख्या माणसाला मिनिटभर सहज लागतो. कुडाच्या नाहीतर पत्र्याच्या घरात पहिला आकडा वीस सेकंदांच्याही खाली निघतो.

दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर ती बंदूक त्या रात्री लोखंडाच्या नळीपेक्षा जास्त कामाची नाही. यावर बहुतेक लोक उपाय काढतात तो भरलेली बंदूक उशाशी ठेवण्याचा. खेड्यात घरच्या बंदुकीने घरचंच माणूस जातं ते याच सवयीमुळे. खरा उपाय उलट्या बाजूने करायचा असतो. पहिला आकडा वाढवायचा, म्हणजे आत येणं लांबवायचं. ते काम सुताराचं आणि लोहाराचं आहे, आणि बंदुकीच्या किमतीच्या मानाने फार स्वस्तात होतं.

आधी घर

दारापासून सुरुवात करा. पातळ फळीच्या दाराला कितीही भारी कडी लावली तरी लाथेने कडीच उखडते, कारण कडीचे स्क्रू अर्ध्या-पाऊण इंचाचे असतात. कडी-कोयंडा आरपार बोल्टाने, आतून वॉशर आणि नट लावून बसवा. आडवा अडसर लावायचा असेल तर त्याचे आकडे चौकटीत नको, भिंतीत पुरा. मागचं दार पुढच्यापेक्षा कच्चं असतं आणि चोर तिथूनच येतो, म्हणून पैसे कमी असतील तर ते मागच्या दारावर घाला. कौलारू घरात कौलं सरकवून उतरणं सोपं असतं. झोपायच्या खोलीवर तरी कौलांखाली लोखंडी जाळी किंवा फळ्यांचा माळा असू द्या. पत्र्याचे जे-हुक बाहेरून उघडता येतात, त्यांचे नट घट्ट करून बाहेर उरलेले आटे ठोकून खराब करून टाका.

उजेड माणसाच्या तोंडावर पडला पाहिजे, तुमच्या तोंडावर नको. म्हणून दिवा ओसरीत न लावता फाटकाच्या खांबावर, बाहेर तोंड करून लावा. लाइन जाणं हा आपल्याकडे नेहमीचा प्रकार, तेव्हा एक तरी दिवा सौर किंवा बॅटरीचा ठेवा. कुत्रं एक नको, दोन ठेवा. एकाला विष घालणं सोपं जातं, आणि दोन असली की एक भुंकतं ते दुसऱ्याच्या भरवशावर. तारेत करंट सोडायचा विचार मात्र डोक्यातूनही काढा. डुकरासाठी सोडलेल्या करंटने विदर्भात दरवर्षी माणसं मरतात. मरणारा बहुतेक वेळा शेजारचा कास्तकार किंवा स्वतःच्याच घरचा असतो, आणि गुन्हा सरळ मनुष्यवधाचा लागतो.

चोराला तुमच्या घरात काय आहे हे गावातूनच कळतं. कापूस विकल्याच्या आठवड्यात घरात रोकड असते हे जिनिंगच्या रांगेतल्या प्रत्येकाला माहीत असतं. रक्कम खात्यात घ्या. एवढ्या एका गोष्टीने जितका धोका कमी होतो तितका दुनाळीने होत नाही.

कोणती बंदूक, कोणता परवाना

शस्त्र अधिनियम 1959 चा आणि त्याखालचे नियम 2016 चे. अर्जदाराचं वय 21 च्या वर हवं. अर्ज नमुना ए-1 मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो. नागपूर आणि अमरावतीसारख्या आयुक्तालयांच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे. सुरक्षिततेचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला नमुना एस-1 मध्ये मिळतो. तो कागद म्हणून मिळवू नका, शिकून मिळवा. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. यूआयएन (परवानाधारकाचा एकमेव ओळख क्रमांक) नसलेला जुना परवाना घरात पडून असेल तर तो वैध समजू नका. आधी कार्यालयात जाऊन तपासा.

विदर्भातल्या जंगलाकडेच्या लोकांना लागू होणारं एक कलम आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 34 नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंदणी करायची असते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर त्यांची संमती आधी लागते. मेळघाट, ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, टिपेश्वर या जंगलांच्या कडेच्या गावांनी अर्ज करण्याआधीच हे विचारून घ्यावं. अभयारण्यातून जाणाऱ्या रस्त्याने बंदूक घेऊन जायचं असेल तर त्यालाही लेखी परवानगी लागते. बासनात गुंडाळली आहे एवढ्याने ती सुटत नाही.

घराच्या राखणीसाठी परवाना बहुधा बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीचा, म्हणजे बहुतेक वेळा दुनाळीचा (बोअर हे नळीच्या आतल्या रुंदीचं माप), नाहीतर .32 च्या रिव्हॉल्वरचा मिळतो. रिव्हॉल्वर मिरवायला सोयीचं, पण नेमाला अवघड. नळी तीन-चार इंचांची, चाप जड आणि घाबरलेला हात. सात पावलांवरून ताटाएवढ्या निशाणावर सहापैकी सहा लावायला महिनोन् महिने सराव लागतो, आणि तेवढी काडतुसं बहुतेकांना परवडत नाहीत. दुनाळी दोन्ही हातांत आणि खांद्याला धरली जाते, म्हणून ती घाबरलेल्या माणसालाही सांभाळता येते. तिची अडचण लांबीची. नळी 28 किंवा 30 इंच, एकूण लांबी जवळपास चार फूट. माजघराच्या दारातून वळताना ती चौकटीला अडते. म्हणून बंदूक घेऊन घरभर फिरायचं नाही, एका जागी थांबायचं. ते पुढे येईलच.

आजोबांची ठासणीची बंदूक घरात असेल तर तिच्यावर घराची राखण सोपवू नका. काळी दारू ओल धरते, टोपी ऐनवेळी दगा देते. शिवाय घरात कापसाची गंजी लावलेली असली तर ठासणीतून उडणारी पेटती चिंधी कापसात पडून तो आतल्या आत धुमसत राहतो. आग दिसते तोवर खोली गेलेली असते. परवानाधारक वारला असेल तर ती बंदूक वारसाने पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मगच स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. माळ्यावर ठेवून विसरलेली बंदूक ही बिनपरवान्याचीच बंदूक असते.

काडतुसांबद्दल सविस्तर, कारण चुका इथेच होतात

नळीच्या मुळाशी चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या घराची, लांबी कोरलेली असते : 65 मिमी (अडीच इंच) किंवा 70 मिमी (पावणेतीन इंच). जुन्या बंदुका बहुधा 65 च्या असतात. 70 चं काडतूस 65 च्या घरात आरामात बसतं, आणि फसवणूक तिथेच आहे. ही लांबी उडाल्यानंतरच्या काडतुसाची असते. त्याचं दुमडलेलं तोंड उघडायला पुढे जागा मिळत नाही, दाब फार वाढतो आणि जुनी नळी फुटते. बसलं म्हणजे चाललं, असं इथे धरायचं नाही.

दुसरी चूक वीस बोअरच्या काडतुसाची. खिशात दोन्ही प्रकार मिसळले तर वीस बोअरचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं. वरून बघणाऱ्याला घर रिकामं दिसतं, तो बाराचं दुसरं काडतूस घालतो आणि नळी हातातच फुटते. म्हणून घरात एकाच बोअरची काडतुसं ठेवा.

छऱ्यांचे आकार : एलजीचे दाणे सर्वांत मोठे, सुमारे नऊ मिलिमीटरचे, त्याखाली एसजी, मग उतरत्या क्रमाने बीबी, चार नंबर, सहा नंबर. छरा पसरतो म्हणून नेम धरावा लागत नाही, हा गावभर पसरलेला गैरसमज आहे. मोकळ्या (तोंडाशी आवळलेल्या नसलेल्या) नळीतून छरे दर मीटरला साधारण दोन-तीन सेंटिमीटर पसरतात. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, म्हणजे पाच मीटरवर, सगळा पसारा जेमतेम पंजाएवढा होतो. एवढ्या अंतरावर तो एक जड गोळाच असतो आणि नेम चुकला तर सगळाच चुकतो.

चुकलेले छरे कुठे जातात हे तितकंच महत्त्वाचं. पत्रा आणि कुडाची भिंत एलजी-एसजीला थांबवत नाहीत. नऊ इंची विटांच्या भिंतीवर भरवसा ठेवता येतो, साडेचार इंचीवर ठेवू नका. उघड्यावर एलजीचा दाणा सहाशे-सातशे मीटरपर्यंत जाऊ शकतो, सहा नंबरचा दोनशेपर्यंत. तुमच्या ओसरीपासून सातशे मीटरमध्ये कोणाची जागल आहे, कोणता तांडा आहे, कोणाचा गोठा आहे, हे दिवसा पाऊल मोजून बघा. .315 ची रायफल असेल तर तिची गोळी दोन किलोमीटरच्याही पुढे जाते. सपाट काळ्या रानात ती घराच्या राखणीला मुळीच योग्य नाही.

काडतुसं ठेवायची जागा कोरडी आणि थंड हवी. मे महिन्यात पत्र्याखालची पेटी हाताला चटका देते. तिथे ठेवलेल्या काडतुसाची दारू दोन-तीन उन्हाळ्यांत बिघडू लागते. पावसाळ्यात कागदी काडतूस फुगतं आणि चेंबरमध्ये अडतं. सगळ्यांत वाईट जागा म्हणजे गोठा आणि युरियाची खोली. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली असताना आपोआप तडकायची. पुढे कारण सापडलं : घोड्यांच्या मुतातला अमोनिया पितळ तडकवतो. बैलाच्या मुतातही तोच असतो. झाकण घट्ट असलेल्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून काडतुसं आतल्या खोलीत ठेवा, डब्यावर खरेदीचं साल लिहा आणि जुनी आधी रेंजवर संपवा.

ठेवण आणि निगा

दुनाळी सुटी करून ठेवा. नळ्या एकीकडे, दस्ता दुसरीकडे, दोन्ही भिंतीला बोल्टाने घट्ट केलेल्या लोखंडी कपाटात. काडतुसं वेगळ्या कुलपात. चाव्या दोन : एक परवानाधारकाच्या करगोट्याला किंवा गळ्यात, दुसरी अशा जागी जी मुलांना माहीत नाही. देवळीतला दिवा, तांदळाचा डबा, कॅलेंडरमागचा खिळा या जागा घरातलं प्रत्येक पोर ओळखून असतं.

दारू प्यायलेल्या रात्री चावी बायकोकडे किंवा आईकडे द्यायची, हा नियम शुद्धीत असताना घरात बोलून ठरवा. त्याहून अवघड गोष्टही इथेच सांगितली पाहिजे. नापिकी, कर्ज, घरातलं भांडण, कोणाचं तरी गप्प गप्प होणं असं काही चाललं असेल तर बंदूक घरात ठेवू नका. कायद्यातच ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे शस्त्र जमा करून पावती घेण्याची सोय आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. निवडणुकीच्या वेळी आदेश निघाला की सगळे जमा करतातच. टेली-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर फ्रिजवर नाहीतर दाराच्या मागे लिहून ठेवा.

सफाई महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दर आठवड्याला. रॉडला चिंदी गुंडाळून चेंबरकडून तोंडाकडे ढकला, नंतर तेलाची चिंदी फिरवा आणि शेवटी एक कोरडी. तेल फार झालं तर ते घरंगळून काडतुसाच्या टोपीपर्यंत जातं आणि बार उडत नाही. प्रत्येक वेळी नळी उजेडाकडे धरून आरपार बघा. कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते. बंद कपाटातही, आठ दिवसांत. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की अक्षतेचे दाणे नळीत उतरतात आणि ओल्या हळदीकुंकवाखाली दुसऱ्या दिवशी गंज धरतो. पूजा नळ्या सुट्या करून मांडा, नंतर पुसा आणि परत आरपार बघा. नळीत अडकलेला भाताचा दाणा छोटा दिसतो, पण दाण्यामागे चिंधी, चिंधीमागे माती असा बोळा जमत जातो.

हात बसवणं

चार गोष्टी कुठल्याही घाईत मोडायच्या नाहीत. बंदूक भरलेलीच आहे असं समजून हाताळायची. नळीचं तोंड जिथे बार उडाला तरी चालेल तिकडेच ठेवायचं. नेम धरून उडवायचं ठरेपर्यंत बोट चापाबाहेर, कवचावर सरळ. आणि समोर काय आहे, त्याच्या मागे काय आहे हे कळल्याशिवाय चाप ओढायचा नाही. यातली दुसरी गोष्ट पाळली तर बाकी तीन चुकल्या तरी माणूस वाचतो.

रिकामी करण्याची पद्धत तीच ती, दरवेळी :
1. तोंड रेतीच्या पोत्याकडे. घरात एका कोपऱ्यात दोन पोती रेती उभी ठेवा, हीच तुमची सुरक्षित दिशा.
2. बोट बाहेर, सेफ्टी लावलेली.
3. खटका दाबून नळ्या मोडा, म्हणजे बिजागरीवर खाली झुकवून उघडा, दोन्ही काडतुसं हाताने काढून खिशात नाही, डब्यात टाका.
4. दोन्ही घरांत करंगळी घालून बघा. अंधारात डोळा फसतो, बोट फसत नाही.
5. बंदूक दुसऱ्याच्या हातात द्यायची ती मोडलेली असतानाच.

सुका सराव, म्हणजे बार न काढता केलेला, आठवड्यातून तीन वेळा, दहा-दहा मिनिटं पुरतो. तासभर केला तर शेवटची चाळीस मिनिटं चुकीची सवय लागण्यात जातात. खरी काडतुसं त्या वेळी खोलीतच नकोत, दुसऱ्या खोलीत कुलपात. नळीत डमी काडतुसं घाला, कारण जुन्या दुनाळीचे पिन रिकाम्या घरावर आपटून मोडतात. डावा पाय अर्धं पाऊल पुढे, वजन पुढच्या पायावर, गुडघे किंचित सैल. बंदूक आधी गालाला आणायची, मग दस्ता खांद्याच्या खळगीत ओढायचा. उलटं केलं की मान खाली वाकते आणि नेम वर जातो. दस्ता दंडावर टेकला तर पहिल्याच बाराला निळा डाग उठतो आणि पुढच्या बाराला माणूस आपोआप डोळे मिटतो. हिवाळ्यात शाल किंवा गोधडी अंगावर असली की दस्ता कापडात अडकतो, म्हणून काही वेळा त्या कपड्यांतही सराव करा. रात्री तुम्ही शर्ट-पँटमध्ये नसता.

दोन चापांपैकी पुढचा बहुतेक बंदुकांत उजवी नळी उडवतो, मागचा डावी. दोन बोटं दोन चापांवर ठेवू नका. पहिल्या धक्क्याला दुसरा बारही सुटतो.

डोळा तपासून घ्या. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबावर अंगठा धरा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने बघताना अंगठा खांबावरून सरकत नाही तो तुमचा मुख्य डोळा. उजवखोऱ्या माणसाचा मुख्य डोळा डावा निघाला तर नेम कायम एका बाजूला जाईल. अशा वेळी डावा डोळा अर्धवट मिटायचा, किंवा नव्याने शिकणाऱ्याने सरळ डाव्या खांद्यावर बंदूक घ्यायला शिकायचं.

खरा बार फक्त रेंजवर. वावरात, नाल्यात, लग्नाच्या वरातीत नाही. हलगर्जीपणाने किंवा आनंदात हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला तर 2019 पासून त्यासाठीच वेगळी तरतूद आहे : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनकडे किंवा पोलीस मुख्यालयात रेंजच्या वेळेची चौकशी करा. वर्षाला पंचवीस-तीस बार नीट मोजून काढले तरी बरंच शिकता येतं. पाच, दहा आणि पंधरा मीटरवर वर्तमानपत्राचा कागद लावून प्रत्येक अंतरावर दोन बार काढा, छऱ्यांच्या पसाऱ्याभोवती पेनाने वर्तुळ काढून तो कागद घरी न्या. दोन बंदुका सारख्या पसरवत नाहीत. कानाला मफ किंवा प्लग, डोळ्याला चष्मा.

बार उडालाच नाही तर बंदूक तशीच निशाणाकडे धरून तीस सेकंद थांबा, मग मोडा. ओलसर दारू कधीकधी उशिरा पेटते. आवाज फुसका आला, धक्का कमी बसला तर पुढचा बार काढायचा नाही. बंदूक मोडून नळी आरपार बघायची. काडतुसातलं दारू आणि छऱ्यांमधलं बूच आतच अडकलेलं असू शकतं.

रात्र

घरातली एक खोली ठरवा. पक्क्या भिंतीची, एकच दार असलेली, शक्यतो जिथे मुलं आणि म्हातारी माणसं झोपतात तीच. आवाज झाला की बाकीच्यांनी तिकडे यायचं. बंदूकवाल्याने बाकीच्यांकडे जायचं नाही. अंधारात घरभर बंदूक घेऊन चोर शोधत फिरणं हे काम शिकलेल्या पोलिसांनाही चार जणांशिवाय नको असतं. तुमच्याकडून तर घरचंच कोणीतरी पाणी प्यायला उठलेलं सापडेल.

कामं वाटून द्या. एक जण 112 ला फोन लावेल, गावाचं नाव, फाट्यापासूनचं अंतर आणि ओळखीची खूण सांगेल, आणि फोन चालूच ठेवेल. दुसरा पोलीस पाटलाला आणि दोन शेजाऱ्यांना. तिसरं माणूस डोकी मोजेल : सगळे आत आले का? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण जो आत नाही तोच बाहेरचा आवाज असू शकतो. परवाना ज्याच्या नावावर त्याच्याच हातात बंदूक, दाराकडे तोंड, बोट बाहेर.

मग मोठ्याने बोला. 'कोण आहे? बंदूक आहे घरात. पोलिसांना फोन लावला आहे. मागे फिर.' घशातून आवाज निघत नाही म्हणून याचाही सराव करावा लागतो, लाज वाटली तरी. चोराला जायचं असतं, त्याला जायला वाट ठेवा. रात्री दारावर येणाऱ्यांत चोर विरळा असतो. साप चावलेल्याला घेऊन आलेला शेजारी, शेवटच्या एसटीने उतरलेला पाहुणा, ओलिताला जाणारा सालदार, प्यायलेला चुलतभाऊ हेच जास्त. घरच्यांसाठी एक शब्द ठरवा. बाहेरून तो आला की बंदूक खाली.

टॉर्च हातात किंवा डोक्याला, बंदुकीला बांधलेली नको. बंदुकीवरच्या टॉर्चने बघायचं म्हणजे ज्याला बघायचं त्याच्यावर नळी रोखायची.

उन्हाळ्यात सगळं बदलतं. अख्खं घर अंगणात खाटा टाकून झोपतं, आजूबाजूची घरंही. अंगणात चारी दिशांना आपलीच माणसं असताना बंदूक उडवायला एकही दिशा शिल्लक राहत नाही. एप्रिल ते जून बंदूक कपाटातच राहील, घराला बाहेरून कुलूप असेल आणि भरवसा कुत्र्यांवर आणि शेजारच्या खाटेवर. म्हणून उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची रीत वेगळी लिहून काढा.

कायदा किती साथ देतो

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खासगी बचावाचा हक्क तिच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. अंगावर आलेल्या हल्ल्यात मरण येईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती असेल, बलात्कार, अपहरण किंवा ॲसिड फेकण्याचा प्रयत्न असेल, तर हा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत पोहोचतो (कलम 38). मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं अशा ठरावीक प्रसंगी तो तिथवर जातो (कलम 41). पण कलम 37 सगळ्यांवर आहे : गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जाण्याइतका वेळ असेल तर हक्कच नाही.

वावरातून तुरीचं पोतं किंवा बकरी घेऊन पळणाऱ्याच्या पाठीवर काढलेला बार यात बसत नाही. दार फोडून आत आलेला आणि कोयता घेऊन अंगावर येणारा बसतो. मधल्या सगळ्या जागा न्यायालयात ठरतात, आणि बचावातच केलं हे दाखवण्याचा भार साक्ष्य अधिनियमाच्या कलम 108 नुसार तुमच्यावर येतो. म्हणून 112 चा चालू असलेला फोन, दिलेली हाक आणि फोडलेलं दार उद्याचा पुरावा ठरतात.

बार उडालाच तर बंदूक मोडून काडतुसं काढा, बाजूला ठेवा आणि पोलीस येईपर्यंत परत हातात घेऊ नका. 108 ची गाडी बोलवा. पडलेला चोर असला तरी जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, बघण्यासाठी उचलू नका, दाबून ठेवा. रिकामी काडतुसं, कोयता, सांडलेलं काही हलवू नका. गावाची गर्दी आत येऊ देऊ नका. पोलिसांना काय झालं ते थोडक्यात सांगा आणि सविस्तर जबाबाआधी वकिलाला बोलवा.

जनावरांपुढे बंदूक

परवाना घराच्या राखणीचा असला म्हणून डुकरावर किंवा रोह्यावर (नीलगायीवर) बार काढता येत नाही. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकरासाठी वनविभागाकडे वेगळा अर्ज करून परवानगी घ्यावी लागते, नुकसानभरपाईचा अर्जही तिथेच. गोठ्यात बिबट शिरला तर बाहेरून दार ओढून घ्या, गर्दी हटवा आणि वनविभागाच्या 1926 वर फोन करा. जखमी बिबट्याएवढं धोक्याचं जनावर नाही, आणि त्याच्यावर छरे झाडले की जखमीच होतो, मरत नाही. जीव वाचवताना सद्भावनेने जनावर मारलं गेलं तर वन्यजीव कायद्याच्या कलम 11 मध्ये सूट आहे, मात्र ते सिद्ध करावं लागतं आणि मेलेलं जनावर सरकारचं असतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायला जाताना अस्वल आडवं येतं. तिथे बंदूक न्यायचीच नाही. चौघांनी मिळून, बोलत, काठी आपटत, उजाडल्यावर जायचं.